डावी पाकळी

शिरगाव, डिचोली
७ जानेवारी २०२५

आईंना,

‘तीर्थरूप’ लिहायला हात गेला होता, पण आज माझं तुमच्याशी भांडण आहे, आणि भांडणाच्या पत्राला असल्या पायघड्या शोभत नाहीत. नमस्कार मात्र आहे. तो माझ्या आईने लावलेली सवय आहे, रागातही सुटत नाही.

तुम्ही फोन कानाला लावत नाही. तुमचा लेक प्रज्योत माझं नाव दिसलं की कापतो. म्हणून कागद घेतला. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात विनिताताई भेटतील, त्यांच्या हाती हे देईन. त्या तुमच्या लेक आहेत, सुनेचं पत्र पोचवलं म्हणून त्यांच्यावर तोंड टाकू नका. आणि ‘चष्मा सापडला नाही’ हे कारण मला चालणार नाही. पंचांगातलं बारीक अक्षर बोट ठेवून वाचणारी बाई माझं एवढालं अक्षर वाचू शकते.

साईशला घेऊन मी माहेरी आले तर तुमच्या चोपडे गावात म्हणे बोलतात की संजनाने घर सोडलं. सोडलं असतं तर सेजलला तुमच्यापाशी ठेवून आले असते का? तिची शाळा आहे, आणि खरं सांगते, दोन पोरांना घेऊन बस बदलत बदलत इथवर यायची माझ्यात ताकद नव्हती. एकाला तर उचलूनच आणावं लागलं. चार वर्षांचा मुलगा, स्टँडवरून फलाटापर्यंत चालला आणि खाली बसला.

आई, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला आणि मला समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक आहे, रक्त नको त्या बाजूला जातं, फुप्फुसांवर दाब वाढत राहतो. भोक बुजवायचं तर वेळेत. दाब हाताबाहेर गेला की मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही. बाहेर आल्यावर मी रडत होते आणि तुम्ही मला म्हणालात, ‘रडतस कशाक? जनेल मोडला तर सुताराक बोलवक व्हया. उशीर कशाक?’ खिडकी मोडली की सुतार, इतकं सोपं. तुमचेच शब्द आहेत. मी त्या शब्दांवर कितीतरी दिवस निभावले.

मग बांबोळीच्या हॉस्पिटलची तारीख मिळाली आणि तुम्ही म्हणालात, देवाला विचारते.

एरवी असं काही विचारायचं असलं की घरातला पुरुष जातो. त्या पहाटे तुम्ही कुणाला सोबत घेतलं नाहीत. देवळाच्या पायऱ्या तुम्ही कधी चढत नाही, गुडघे दुखतात म्हणता आणि खालूनच हात जोडता. (काजूच्या दिवसांत डोंगर चढताना हेच गुडघे कुठे जातात ते मी कधी विचारलं नाही.) त्या दिवशी मात्र चढलात. परत येऊन पुढच्या ओसरीवर, बाल्कांवातल्या बाकावर बसलात आणि म्हणालात, ‘डावी पडली.’

झालं. गुरवाने देवाच्या अंगाला दोन ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. तेवढ्यावर प्रज्योत हॉस्पिटलात जाऊन लिहून देऊन आला की आम्हाला ऑपरेशन करायचं नाही. पेडण्याच्या कचेरीत बसून साऱ्या तालुक्याचे अर्ज तपासणारा माणूस! मी त्याची कॉलर धरली तर म्हणाला, ‘देवान नाका म्हटल्यार माका कशाक धरतस?’

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. त्याला सांगा. तुमच्या शब्दाबाहेर तो नाही. देवाचं माझं मी बघते.

साईश झोपताना तुमचा कान शोधतो. माझा दिला तर चाचपतो आणि सोडतो. ‘हो बारीक’ म्हणतो. सोन्याच्या कुड्यांनी इतकी वर्षं ओढून लोंबलेली तुमची पाळी मी कुठून आणू? शेवटी हुंदके देत देत झोपतो, आणि रडला की ओठ काळेनिळे होतात. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

तुमची, अजून तरी, सून
संजना


शिरगाव
१५ जानेवारी

आई,

तिळगूळ घ्या. गोड बोलायचं मागाहून बघू.

विनिताताई सांगत होत्या की तुम्ही पत्र वाचलंत, घडी करून कमरेला खोचलंत आणि तांदूळ निवडायला बसलात. एक शब्द नाही. हे तुमचं जुनं आहे. लग्न होऊन आले त्या वर्षी मी तिसऱ्या-शिंपल्यांची आमटी खारट केली होती, तेव्हाही तुम्ही असंच गप्प राहून सगळी संपवली होती. तेव्हा मला ती माया वाटली होती. आता काय समजू?

काल साईशला मयेच्या तळ्यावर नेलं. बाबा म्हणाले, सणाचा दिवस, पोर घरात कोंडून किती ठेवशील. माझे बाबा खाणीचे ट्रक चालवायचे तेव्हा खड्ड्यातून सुद्धा वेगात काढायचे, म्हणून आई त्यांच्या स्कूटरवरही मागे बसत नसे. काल साईशला पुढ्यात घेऊन स्कूटर अशी हाकली की मागून सायकलवाला पुढे गेला.

पोराने होडी बघितली, बदकं बघितली, खूश होता. तिथे त्याच्याच वयाची दोन मुलं पळापळी खेळत होती. माझी पाठ वळली तेवढ्यात हा त्यांच्यामागे धावला. चार पावलं असतील. मग गवतात उकिडवा बसला, छाती भात्यासारखी, तोंडातून आवाज नाही. ती मुलं येऊन बघायला लागली. एकाने विचारलं, तू का खेळत नाहीस? आणि आई, आपल्या दिवट्याने श्वास लागलेला असताना काय सांगावं? ‘माझ्या काळजाक जनेल आसा. तुझ्या ना.’

फुशारकीने सांगत होता. तो मुलगा बिचारा आपल्या आईकडे गेला, मला पण जनेल हवं म्हणून.

मी हसले. बाबा तळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

घरी येताना साईश म्हणाला, ‘आज्ये आसती तर माका दम लागलो नसतो.’ मी म्हटलं का रे? म्हणाला, ‘ती हळू चलता.’ तुम्ही दोघं नदीवर ओहोटीला तिसऱ्या वेचायला जायचात तेव्हा तुम्ही मुद्दाम हळू चालायचात, होय ना? आणि मी मागून ओरडायचे, उन्हं वर आली, पाय उचला. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? डॉक्टरांच्या आधी?

सेजलच्या वेण्या घट्ट घालू नका. तिचं डोकं दुखतं, ती तुम्हाला सांगणार नाही. मला फोनवर सांगते.

पाववाला पोदेर इथेही येतो, पण साईश म्हणतो चोपड्याचे उंडे बरे. खाताना घामाने भिजतो, आई. उंड्याचा मऊ भाग कुरतडताना. पेज भरवावी तर चार घासांत दमतो.

बोला काहीतरी. शिव्या दिल्यात तरी चालेल.

संजना


शिरगाव
२५ जानेवारी

आई,

काल बांबोळीला जाऊन आले. तुम्हाला सगळं सांगते, कारण प्रज्योतला सांगायचं तर तो ऐकत नाही, आणि माझ्या आईला सांगायचं तर ती ऐकता ऐकता देव्हाऱ्याकडे जाते.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावल्या नाहीत. छातीला यंत्र लावून पुष्कळ वेळ बघत राहिल्या, मग साईशला गोळी दिली, चघळायची, संत्र्याच्या चवीची, आणि त्याला नर्सबरोबर बाहेर पाठवलं. म्हणाल्या, दाब वाढलाय. किती ते आतून तपासल्याशिवाय कळणार नाही. मांडीतून नळी घालून तपासतात. त्यात जर दिसलं की दाब मर्यादेच्या आत आहे, तर लगेच ऑपरेशन. नसेल तर औषधं देत राहू.

मी विचारलं, औषधांनी बरा होईल?

त्या म्हणाल्या, ‘त्या औषधांनी दिवस बरे जातात.’

मी फाइल पिशवीत घातली.

आधीच्या वेळी वडिलांनी नकार लिहून दिलाय, तेव्हा आता दोघांनीही समोर येऊन सही करा, म्हणाल्या. ऐनवेळी टेबलावरून मूल उचलून न्यायचं नाही. त्यांचं चुकीचं नाही. मी सांगितलं, नकार का दिला ते. पाकळीचं. मला वाटलं होतं हसतील. त्या फोंड्याच्या, देवळांच्या गावच्या. म्हणाल्या, ‘माझी आईपण पाकळ्या लावून प्रसाद घेते. घर बांधताना घेतला, माझ्या लग्नाचा घेतला. बाबांच्या बायपासच्या वेळी मात्र गेली नाही. म्हणाली, देवाला कशाला अडचणीत टाकायचं?’

परत येताना बसमध्ये साईश माझ्या मांडीवर झोपला होता आणि मी ठरवलं. मीही त्याची आई आहे. घरातल्या मोठ्यांनी विचारलं तर लहानांनी विचारू नये असा कुठे नियम आहे? देव काय फक्त सासवांचा आहे? मी जाते. मी विचारते. डावीच पडली तर डावी बघून घेईन, पण माझ्या डोळ्यांनी.

तुम्हाला आधी कळवते, मागाहून चोरून गेली म्हणू नका.

संजना


शिरगाव
२९ जानेवारी

आई,

जाता आलं नाही. साईशला ताप, छातीत घरघर. इथल्या डॉक्टरांनी वाफ दिली, इंजेक्शन दिलं. उतरतोय.

सुई टोचताना रडू नये म्हणून मी त्याला म्हटलं, आजी बघतेय हां. तर दाराकडे बघत राहिला. सुई कधी टोचली त्याला कळलंही नाही. मग मात्र रडला. तुम्ही दारात नव्हतात म्हणून.

मी खोटं का बोलले?

सं.


शिरगाव
३ फेब्रुवारी

कमलाक्षीबाई,

आज सकाळी मी चोपड्यात होते. तुमच्या घरापाशी आले नाही. रस्त्यावरून सेजलचा युनिफॉर्म तारेवर वाळत घातलेला दिसला, उलटा, बाह्या खाली. माझी पद्धत. तुम्ही ठेवली आहे. तेवढं बघून पुढे गेले.

दत्ताराम गुरव देवळात दिवे घासत होते. मी नारळ ठेवला, फुलं ठेवली, म्हटलं, पाकळी लावायची आहे, साईशच्या ऑपरेशनचं विचारायचं आहे. त्यांनी घासणं थांबवलं.

‘बाये, ता इचारून झाला मगे. एकच गजाल देवाक परत परत इचारनत नाय.’

मी म्हटलं, ‘डावी पडली हे मला मान्य नाही. मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे.’

‘डावी?’ म्हणाले. ‘डावी कोण म्हणता?’

मला वाटलं म्हातारपणामुळे विसरले. मी पुन्हा सांगितलं, नोव्हेंबरात, पहाटे, माझी सासू आली होती. तर ते उठून उभेच राहिले.

‘विसरान कसो? उजवी पडली. गाऱ्हाणां पुरा होवचे आदी पडली. तुझी सासू थंयच भुंयेर बसली. तिका उठवक माका माझ्या बायलेक बोलवची पडली. माका वाटला, खुशयेन रडता.’

मी विचारलं, मग घरी येऊन डावी का सांगितली? त्यांनी आधी देवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. खालच्या आवाजात म्हणाले, ‘कृष्णनाथाच्या येळार माझो बापूस गुरव. मी त्याच्या वांगडा आसलंय. तेवाय उजवीच पडलेली.’

मला कृष्णनाथ एवढाच माहीत आहे: हॉलमधला फोटो, प्लास्टिकचा हार, प्रज्योतचा थोरला भाऊ. ‘तापाने गेला’ असं मला सांगितलं होतं. तापाने नव्हता गेला. पोटाचं ऑपरेशन करायचं होतं, तुम्ही देवाला विचारलंत, देव हो म्हणाला, तुम्ही त्याला नेलंत आणि तो परत आला नाही.

हे मी आज एका परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं. एवढी वर्षं त्या फोटोवरची धूळ मी पुसते.

पण म्हणून? म्हणून तुम्ही माझ्या मुलाचा दरवाजा बंद केलात? देव हो म्हणाला होता. देव हो म्हणाला होता! आणि तुम्ही त्याच्या तोंडात आपला शब्द घातलात, घरी येऊन शांतपणे बाकावर बसलात, आणि मी पाया पडून रडत असताना माझ्या केसांवरून हात फिरवत राहिलात. नोव्हेंबरपासून तो दाब वाढतोय. तुम्ही त्याला पेज भरवत होतात आणि तो वाढत होता.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मी आता हे प्रज्योतला सांगणार आहे. विनिताताईंना सांगणार आहे. वेळ पडली तर देवळाच्या पायरीवर उभी राहून सांगेन.

संजना


शिरगाव
४ फेब्रुवारी

आई,

कालचं पत्र विनिताताईंकडे दिलेलं नाही. बाबा म्हणाले, राग आला की आधी पेज खावी. ती दोन्ही पत्रं एकदम तुम्हाला मिळतील. कालचं फाडणार नाही. त्यात लिहिलं ते खोटं नाही आणि ते तुम्ही वाचायला हवं.

प्रज्योतला मी सांगितलेलं नाही. विनिताताईंना फोन लावून त्यांच्याकडून त्याला निरोप द्यायचा एवढंच काम होतं. नंबर लावला. त्यांनी उचलला. ‘बोल गे’ म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही, साईशचा ताप गेला.

का नाही सांगितलं ते मलाच नीट माहीत नाही. दिवसभर एकच गोष्ट डोळ्यांपुढे येत होती. तुम्ही देवळाच्या पायऱ्या का चढत नाही. गुडघे! आणि मी मूर्ख, काजूच्या डोंगरावरून तुम्हाला चिडवत होते. तुम्ही देवाशी बोलतच नव्हतात, होय ना? इतकी वर्षं अबोला. आणि तरी त्या पहाटे चढलात, साईशसाठी, आणि मनात म्हणत असाल, डावी दे, एकदा नाही म्हण, तुझ्या होकाराची मला भीती वाटते. त्याने परत उजवीच टाकली. मी असते तर तिथल्या तिथे किंचाळले असते. तुम्ही घरी येऊन दोन शब्द बोललात.

मला तुमचा राग येतो, आई. आणि तुमच्याशिवाय ही गोष्ट बोलायला मला कोणी नाही. हे दोन्ही खरं आहे, काय करू?

ऐका. मला एक वाट सुचली आहे. तुम्ही प्रज्योतला सांगा, मी पुन्हा देवाला विचारलं आणि या वेळी उजवी पडली. बस. दत्तारामांना मी हात जोडून आले आहे, ते बोलणार नाहीत. तुमची लाज जाणार नाही, घर मोडणार नाही, आणि सांगताना तुम्ही खोटंही बोलणार नाही, कारण उजवीच तर पडली होती. मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही. सासू तशी सून, गप्प राहायला मीही शिकलेय.

पण हेही वाचा. पुढच्या सोमवारपर्यंत प्रज्योत इथे आला नाही, तर मी सांगेन. सगळ्यांना. मला ते करायचं नाही. मला ते करायला लावू नका. मी तुमच्या पाया पडते. धमकीही देते आणि पायाही पडते, एकाच हाताने. मला दुसरं काही येत नाही.

कृष्णनाथ किती वर्षांचा होता? तो पण कान धरून झोपायचा का?

तुमची
संजना


शिरगाव
११ फेब्रुवारी

आई,

तो काल आला. अंगणात मोटारसायकल उभी केली आणि हेल्मेट न काढता उभाच राहिला. माझी आई म्हणाली, जावई बसत का नाहीत? मी जवळ गेले तर आतून हुंदक्यांचा आवाज. हेल्मेटमध्ये रडणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. साईशने जाऊन काचेवर टकटक केलं, ‘बाबा, भायर ये.’ तेव्हा काढलं.

तुम्ही काय केलंत ते त्याच्याकडून कळलं. मी तुम्हाला वाट काढून दिली होती, आई. पायाखाली फळी टाकली होती. तुम्ही ती घेतली नाहीत. आरतीला सगळी आळी जमलेली असताना पायऱ्या चढून वर गेलात आणि आरती संपल्यावर घंटेपाशी उभं राहून सांगितलंत, ‘देवान उजवी दिलेली. डावी मी सांगितलंय. देव खोटो नाय, मी खोटी.’ प्रज्योत म्हणाला, कुणाच्या तरी हातातली झांज खाली पडली.

का केलंत असं? मला सूड नको होता. मला फक्त सही हवी होती.

सही झाली. आज सकाळीच आम्ही दोघं जाऊन आलो. पेनाची शाई उमटेना तर प्रज्योतने इतक्या जोराने दाबलं की कागद फाटता फाटता वाचला. उद्या साईशला दाखल करायचं, परवा नळी घालून तपासणार. दाब मर्यादेच्या आत निघाला तर ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. नाही निघाला तर... तर मी हे वाक्य पुरं करणार नाही.

सेजल फोनवर म्हणाली, आजी बाल्कांवात एकटीच बसते, ताटसुद्धा बाहेर घेते, देवघरात येत नाही, आणि मी पाणी मागितलं तर म्हणते, तुझ्या हाताने घे गे, माझ्या हातचं नको. हे काय चालवलंय? सात वर्षांच्या मुलीला काय कळायचं त्यातलं? ती विचारते, आजीला काय ‘लागण’ झाली आहे का?

तुम्ही बांबोळीला या. प्रज्योत म्हणतो, विचारलं होतं, मान हलवली. मी पुन्हा विचारते. या.

संजना


बांबोळी
२० फेब्रुवारी

तीर्थरूप आई,

प्रज्योत तुमच्या अंगणात गाडी चालू ठेवून उभा आहे. मीच त्याला सांगितलंय, बंद करू नकोस. तेव्हा हे लवकर वाचा.

तपासणीत दाब मर्यादेच्या काठावर निघाला. आत, पण काठावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर मी हात लावला नसता. परवा ऑपरेशन झालं. भोक बुजवलं. तुम्हाला फोनवर सांगितलं तेवढं खरं आहे, पण ते सगळं नाही, आणि राहिलेलं मी कागदासाठी ठेवलं.

काल संध्याकाळी घशातली नळी काढली. आज शुद्धीवर आहे, पण फुप्फुसांचा दाब अजून स्थिर होत नाही. एवढे दिवस सहन केलेली फुप्फुसं आहेत, बिथरतात. मधेच दाब एकदम चढतो, यंत्र ओरडायला लागतं, सगळे धावतात. आज सकाळपासून दोनदा झालं. दोन्ही वेळा तो रडत होता. डॉक्टर म्हणाल्या, पुढचे दोन-तीन दिवस याला रडू द्यायचं नाही, काहीही करून. रडला की दाब चढतो, आणि चढलेला दाब दर वेळी उतरेलच असं सांगता येत नाही. किती गुंगी द्यायची त्यालाही मर्यादा आहे म्हणतात.

आणि तो रडतोय, आई. मोठ्याने नाही, तेवढी ताकदच नाही. हात बांधलेला आहे तो सोडवून घेतो आणि हवेत चाचपतो. मी कान दिला. धरला, बोटांनी बघितला, सोडला. प्रज्योतने दिला. सोडला. मग ती मल्याळी नर्स आहे, गोरीपान, तिला मराठीही कळत नाही, तिने सुद्धा टोपी सरकवून आपला कान पुढे केला. सोडला. तिने मला खुणेने विचारलं, हा काय शोधतो? मी तिला मोडक्या हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, आजीला आणा, एकावेळी एकच माणूस आत सोडतात, पण मी डॉक्टरांशी बोलते. बोलली. परवानगी आहे.

तुम्ही प्रज्योतला काल काय सांगितलंत ते त्याने मला सांगितलं. ‘देवाच्या नावान खोटा बोललेली बायल मी. माझी सावली त्याच्यार पडली तर कृष्णनाथासारखा होतला.’

आई, मी तुम्हाला साधी गोष्ट सांगते. कृष्णनाथ गेला तेव्हा तुम्ही खोटं बोलला नव्हतात. देवाने सांगितलं तेच केलंत, सगळं सरळ, आणि तो गेला. तेव्हा तुमची सावली कुठे होती? सावलीने पोरं जात नाहीत आणि सावलीने राहतही नाहीत. जाणारं मूल कशाने जातं ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सगळं माहीत नाही. पण हा कशाने रडतो ते मला माहीत आहे, आणि ते औषध या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात नाही. ते तुमच्या बाल्कांवात बसलंय.

माझा राग गेलेला नाही. तो आपण घरी गेल्यावर बघू, तुम्ही आणि मी, तांदूळ निवडताना. भांडायला तुम्ही हव्यात. पण त्याच्याकडे तेवढा वेळ नाही.

उठा. सेजलला शेजारी सुमनकडे ठेवा. साडी बदलत बसू नका, आत जाताना हिरवा डगला घालायला देतात. मोगरी माळू नका, फुलं आत नेऊ देत नाहीत. अंगारा-तीर्थ काही आणू नका. कुड्या काढून ठेवा, त्याच्या हाताला सलाईनची सुई आहे, अडकेल.

नुसता कान घेऊन या.

तुमचीच
संजना